नवस फेडता आला नाही म्हणून देवाबरोबरचा करार मोडतो का?

सलाम ताई. तुमचा प्रश्न परवाच वाचला, खाली आलेली उत्तरंही वाचली, आणि म्हटलं घाईघाईत दोन ओळी टाकण्यापेक्षा जरा सावकाश लिहू. आधी तुम्ही काय विचारलंय ते थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलाच्या हृदयाच्या ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलच्या जिन्यात बसून तुम्ही देवाला कबूल केलं की पोरगा वाचला तर दर महिन्याला पगाराचा दहावा भाग देईन आणि दर शुक्रवारी उपास करीन. मुलगा बरा झाला, तुम्ही बरेच दिवस सगळं पाळलंत. मग मिस्टरांची नोकरी गेली, ऑपरेशनच्या कर्जाचे हप्ते मात्र चालूच, सासूबाईंची औषधं, आणि गेल्या वर्षापासून दशांश बंद पडला, उपासही पित्तामुळे सुटला. तुमच्या प्रार्थना-गटातले एक भाऊ म्हणाले की ताई, तुम्ही देवाशी करार केला होता, करार मोडला की आशीर्वाद उठतो. आता मुलाला साधा ताप आला तरी छातीत धस्स होतं, उपासनेत उभं राहिलं तरी लक्ष लागत नाही. आणि शेवटी तुम्ही विचारलंय की येशूनं एकदाच सगळ्यांसाठी बलिदान दिलं असेल तर देव माझ्याकडून अजून काय मागतोय, आणि माझी भक्ती खोटी आहे का.

मी पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, म्हणून आधी नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत आणि नंतर शहरात काम केलं, आता रिटायर आहे. हा प्रश्न माझ्याकडे वेगवेगळ्या रूपात कितीतरी वेळा आलाय, आणि बहुतेक वेळा विचारणारी व्यक्ती पैशाबद्दल विचारत नसते, तिला विचारायचं असतं की देव माझ्यावर डूख धरून बसलाय का.

मला यात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकीत गुंतलेल्या दिसतात. एक तुमचा नवस, जो तुम्ही केलात, संकटात केलात आणि जो सध्या अडकलाय. दुसरा देवाचा करार, जो तुम्ही केलेलाच नाही, तो तुमच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून आहे. त्या भावांनी दुसऱ्याचं वजन उचलून पहिल्यावर ठेवलं, आणि तेव्हापासून तुमची झोप उडाली.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत हे आधीच कबूल करतो. तुम्ही नवस मनातल्या मनात केला की मंडळीपुढे, म्हणजे चर्चच्या लोकांपुढे, उभं राहून, मिस्टरांना माहीत होतं की नाही, खरंच देता येत नाहीये की देता येतं पण आता द्यावंसं वाटत नाही, यावर उत्तर बदलतं. तुम्ही प्रोटेस्टंट आहात की कॅथलिक हेही तुम्ही लिहिलेलं नाही, त्यानंही फरक पडतो, त्याबद्दल पुढे येतो. मी प्रोटेस्टंट बाजूनं बोलतोय एवढं धरून वाचा.

आधी करार. अब्राहामाची, म्हणजे इस्राएल लोकांच्या मूळपुरुषाची, गोष्ट आपण संडे स्कूलपासून ऐकतो पण बायबलमधल्या उत्पत्ती पुस्तकाचा 15 वा अध्याय मुलांना सहसा सांगत नाहीत कारण त्यात रक्त फार आहे. तेव्हा त्याचं नाव अजून अब्रामच होतं. देव त्याला वचन देतो की हा देश तुला देईन, आणि अब्राम सरळ विचारतो की हे मला कळायचं कशावरून. यावर देव त्याला तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा एडका, एक होला आणि पारव्याचं पिलू आणायला सांगतो. अब्राम जनावरं मधोमध चिरतो, अर्धुकं समोरासमोर मांडतो, पाखरं तेवढी अखंड ठेवतो, आणि मग वाट बघत बसतो. देव काही येत नाही. मांसावर गिधाडं उतरायला लागतात तर हा म्हातारा माणूस ती हाकलत बसतो. मला हा भाग फार आवडतो, कारण भक्तीचा बराचसा वेळ असाच गिधाडं हाकलण्यात जातो, त्यावर कोणी गाणं लिहीत नाही.

त्या काळात असा करार म्हणजे दोन्ही पक्षांनी त्या तुकड्यांमधून चालत जायचं, अर्थ असा की मी शब्द मोडला तर माझीही हीच गत होवो. पण इथे काय होतं बघा. सूर्य मावळता मावळता अब्रामाला गाढ झोप लागते, आणि अंधार पडल्यावर धुमसणारी भट्टी आणि जळती मशाल त्या तुकड्यांमधून जाते. एकटी. अब्राम चालतच नाही. शपथेचा सगळा धोका देवानं स्वतःवर घेतला आणि ज्याच्यासाठी घेतला तो झोपला होता. आता तुम्हीच सांगा, या करारात अब्रामानं कुठला हप्ता भरायचा राहिला म्हणून तो रद्द होणार?

सीनाय डोंगरावरच्या करारातही क्रम तोच आहे. दहा आज्ञा निर्गम पुस्तकाच्या 20 व्या अध्यायात येतात, आणि पहिल्या आज्ञेच्याही आधी देव म्हणतो की तुला मिसराच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामीतून बाहेर काढणारा तो मीच. म्हणजे सुटका आधी झाली, समुद्र आधी ओलांडून झाला, रानात खायला मान्ना आधी पडला, नियम नंतर आले. आज्ञा पाळल्या म्हणून सुटका झाली असं कुठेच नाही. आपल्याकडे मात्र हे उलटं शिकवलं जातं, विशेषतः जिथे माईक मोठा आणि बायबल स्टडी छोटा असतो तिथे. हो, सीनायच्या करारात लोकांवर जबाबदारी होती हे खरं, 24 व्या अध्यायात लोकांचा पुढारी मोशे अर्धं रक्त वेदीवर आणि अर्धं लोकांवर शिंपडतो आणि लोक म्हणतात आम्ही सगळं करू. आणि काही आठवड्यांत तेच लोक सोन्याच्या वासराभोवती नाचतात. तो करार खरोखर मोडला होता, मोशेनं पाट्या फोडल्या. त्याची शिक्षाही झाली, तेही लपवत नाही. पण 34 व्या अध्यायात नव्या पाट्या घडवायला सांगणारा देवच आहे. मोडणाऱ्यांनी अर्ज केला नव्हता.

आता "करार मोडणं" खरं कसं दिसतं, तर त्यासाठी यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा 34 वा अध्याय उघडा आणि जमलं तर त्या भावांनाही वाचायला द्या. बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, सैन्यानं यरुशलेमला वेढा घातलाय, सिद्कीया राजा घाबरलाय, आणि अशा संकटात राजा आणि सगळे प्रतिष्ठित लोक मंदिरात येऊन करार करतात की आपण आपल्या इब्री दास-दासींना मोकळं करू. नियमशास्त्राप्रमाणे ते मुदत भरली की सोडायलाच पाहिजे होते, कोणी सोडत नव्हतं. वासरू चिरलं, त्याच्या दोन भागांमधून सगळे चालत गेले, गुलाम सोडले. मग मिसराचं सैन्य मदतीला येतंय अशी बातमी आली, बाबेलवाल्यांनी वेढा उठवला, गावाला जरा श्वास मिळाला, आणि या लोकांनी काय केलं, तर सोडलेल्या बायाबापड्यांना पुन्हा पकडून कामाला जुंपलं. यावर देव जे बोलतो ते संबंध पुस्तकात सगळ्यात कडक बोलण्यांपैकी आहे.

ही गोष्ट वरवर तुमच्यासारखीच वाटते ना? संकटात शब्द दिला, संकट टळल्यावर शब्द मागे पडला. म्हणूनच मी ती मुद्दाम काढली. पण फरक नीट बघा. त्यांना शब्द पाळता येत होता, काहीच अडचण नव्हती, त्यांना फक्त फुकटची माणसं परत हवी होती. शब्द मोडल्यानं नुकसान झालं ते गरिबांचं. तुमच्याकडे पैसे नाहीत आणि जे आहेत ते हप्त्याला आणि सासूबाईंच्या गोळ्यांना जातात. या दोन गोष्टींना एकच नाव देणं म्हणजे बायबलवर अन्याय आहे, तुमच्यावर तर आहेच.

आता बलिदानाकडे येऊ. लेवीयचं पुस्तक लोक वाचायला घेतात आणि तिसऱ्या-चौथ्या अध्यायाला सोडून देतात, चरबी आणि गुरदे वाचून कंटाळा येतो, मी समजू शकतो. पण त्यात एक गोष्ट अशी आहे की ती समजली की देवाबद्दलची अर्धी भीती जाते. 5 व्या अध्यायात काही दोषांसाठी मेंढी किंवा बकरी आणायला सांगितलीय. पुढच्याच ओळीत, मेंढी परवडत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिलं चालतील. आणि तेही परवडत नसेल तर एफाचा दहावा भाग सपीठ, म्हणजे अंदाजे दोन लिटरच्या मापाएवढं पीठ, त्यावर तेल नको, धूपही नको. पीठ! रक्त सांडल्याशिवाय क्षमा नाही असं आपण घोकतो, आणि इथे सगळ्यात गरीब माणसासाठी देव रक्ताची अटसुद्धा बाजूला ठेवतो. इब्री लोकांस पत्रातही ते वाक्य "जवळजवळ सगळं" अशा शब्दांतच सांगितलंय, ते "जवळजवळ" आपण गाळून टाकतो. आणि लूक 2 मध्ये बाळ येशूला घेऊन मरीया आणि योसेफ मंदिरात जातात तेव्हा त्यांनी काय अर्पण केलं ते आठवा. बाळंतिणीच्या शुद्धीकरणाला खरं तर कोकरू सांगितलंय, ते परवडत नसेल तर पाखरांची जोडी. लूकनं पाखरांची जोडी लिहिलीय. म्हणजे प्रभूची आई गरिबांच्या रांगेत उभी होती आणि तिचं अर्पण कमी धरलं गेलं नाही.

दुसरी गोष्ट 6 व्या अध्यायाच्या सुरुवातीला. कोणी शेजाऱ्याची ठेव दाबली, लुबाडलं, खोटी शपथ घेतली, तर आधी ते परत करायचं, त्यावर पाचवा हिस्सा जादा घालायचा, ज्याचं त्याच्या हातात द्यायचं, आणि मग देवासाठी एडका आणायचा. म्हणजे वेदीकडे जाणारा रस्ता शेजाऱ्याच्या दारावरून जातो. आमोस, यशया, मीखा, मलाखी या सगळ्या संदेष्ट्यांची तक्रार इथेच आहे. यशयाच्या पहिल्याच अध्यायात देव म्हणतो की तुमच्या होमार्पणांनी माझं पोट भरलंय, मला आता शिसारी येते, आणि का, तर तुमचे हात रक्तानं भरलेत, अनाथाला न्याय नाही, विधवेचं कोणी ऐकत नाही. मलाखीच्या वेळचे लोक आंधळी-लंगडी जनावरं वेदीवर आणायचे, तर देव विचारतो, हे जरा तुमच्या सुभेदाराला नेऊन दाखवा बरं, घेतो का तो? ज्याच्याकडे धडधाकट जनावर गोठ्यात आहे आणि तो लंगडं आणतो त्याला हा टोमणा आहे. ज्याचा गोठाच रिकामा आहे त्याला असं बोललेलं मला बायबलमध्ये एकदाही सापडलेलं नाही.

आणि येशूचं बलिदान. तुमच्या प्रश्नाचा हा भाग सगळ्यात सरळ आहे. इब्री लोकांस पत्र 9 आणि 10 अध्याय वाचा, जुना महायाजक दरवर्षी प्रायश्चित्ताच्या दिवशी दुसऱ्याचं रक्त घेऊन आत जायचा, पुन्हा पुढच्या वर्षी जायचा, त्याला बसायला मिळत नव्हतं कारण काम संपत नव्हतं. ख्रिस्तानं स्वतःला एकदाच दिलं आणि तो बसला. पापाच्या क्षमेसाठी आता कोणी काही द्यायचं उरलेलं नाही, दशांश नाही, शुक्रवारचा उपास नाही, माझा पाळकीय पगार तर नाहीच नाही. कॅथलिक शिकवण मिस्साला, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या उपासनेला, बलिदान म्हणते पण ते वेगळं नवीन बलिदान नसून तेच एक बलिदान वेदीवर उपस्थित होतं असं सांगते, आमच्याकडे त्याच विधीला प्रभुभोजन म्हणतात आणि आम्ही त्याला स्मरण आणि सहभागिता मानतो, यावर वाद घालायला बसलो तर रात्र होईल. दोन्हीकडे कोणीही असं शिकवत नाही की त्या बलिदानात काहीतरी कमी पडलं आणि ते आता तुमच्या पगारातून भरून निघणार आहे.

मग देव अजून मागतो ते काय? त्याच पत्रात शेवटी, 13 व्या अध्यायात, दोन अर्पणं उरलेली सांगितलीत, ओठांनी केलेली स्तुती, आणि चांगलं करणं व आपल्यातलं दुसऱ्याला देणं. हे उपकारस्तुतीचं देणं आहे, क्षमेची किंमत म्हणून दिलेलं काही नाही. सासूबाईंच्या गोळ्या त्यात बसतात का? माझ्या मते शंभर टक्के बसतात. मार्क 7 मध्ये येशू कुर्बानबद्दल बोलतो ते यासाठीच, लोक आईबापाला लागणारी गोष्ट "ही देवाला वाहिली" म्हणून हात झटकायचे आणि येशूला त्याचा संताप आला. घरच्या म्हातारीची औषधं तोडून भरलेला दशांश देवाला आवडेल असं मी तरी कुठल्या तोंडानं सांगू?

इथवरचं थोडक्यात असं की करार देवानं केलाय आणि तो तुमच्या पावतीपुस्तकावर उभा नाही, बलिदान पूर्ण झालंय, आणि जुन्या काळातसुद्धा अर्पणाचं माप माणसाच्या ऐपतीप्रमाणे खाली येत होतं. घरातल्या पोराला एखाद्या महिन्यात घरखर्चाला हातभार लावता आला नाही म्हणून रेशनकार्डावरून त्याचं नाव कोणी कापत नाही.

पण नवस. याला मी हलकं करणार नाही ताई, कारण बायबल करत नाही. काही पाळक म्हणतील सोडून द्या, कृपेत नवस वगैरे काही नसतं. मला ते पटत नाही. आपल्या महाराष्ट्रात नवस हवेतच आहे, वांद्र्याच्या माउंट मेरीला सप्टेंबरच्या जत्रेत लोक मेणाचे हात, पाय, घरं वाहतात, त्यात सगळ्या धर्मांचे लोक असतात, आणि आपण प्रोटेस्टंट मेण वाहत नसलो तरी जिन्यात बसून तेच करतो. हन्नानंही केला होता, मूल दे, ते तुलाच देईन, आणि शमुवेलाचं दूध तुटल्यावर खरंच नेऊन दिलं. त्यामुळे संकटात शब्द दिला हे काही पाप नाही. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाचा 23 वा अध्याय सांगतो की नवस केला तर फेडायला उशीर करू नको, आणि लगेच पुढे, नवस केलाच नाही तर त्यात काही पाप नाही. म्हणजे देवानं तो मागितलेला नव्हता.

आणि फेडता येत नसेल तर? लेवीयच्या शेवटच्या अध्यायात, 27 व्यात, याची चक्क सोय आहे. कोणी माणूस देवाला वाहायचा नवस केला तर त्याचं मोल चांदीत ठरलेलं होतं, विशीपासून साठीपर्यंतच्या पुरुषाचं 50 शेकेल, बाईचं 30, पाच वर्षांच्या आतल्या मुलाचं 5. आणि आठव्या वचनात, नवस करणारा एवढं देऊ शकत नसेल तर त्यानं याजकापुढे यावं, आणि याजकानं त्याच्या ऐपतीप्रमाणे मोल ठरवून द्यावं. झालं. शाप नाही, आशीर्वाद उठला वगैरे नाही. या, समोर उभे राहा, बसून हिशेब करू. लढाई जिंकलो तर घरातून आधी बाहेर येईल त्याचं होमार्पण करीन असा नवस करून बसलेल्या इफ्ताहाला ही सोय कोणी वेळेत सांगितली असती तर त्याची मुलगी वाचली असती असं मला नेहमी वाटतं.

माझ्याकडे कोणी असं घेऊन आलं तर मी काय करायचो ते सांगतो. आधी नवस काय होता ते मोठ्यानं बोलून घ्यायचो, कारण मनात तो फुगलेला असतो, बोलला की मूळ आकारात येतो. मग घरचा खर्च कागदावर, किराणा, भाडं, हप्ते, औषधं, शाळा. कर्ज आणि कोणाची देणी आधी, कारण ती दुसऱ्याच्या घरातले पैसे आहेत. मग जे उरतं त्यातून किती, हे त्यांनीच ठरवायचं, कधी पन्नास रुपये निघायचे, कधी काहीच नाही, तर पैशाऐवजी महिन्यातून एक शनिवार चर्च झाडायला किंवा मंडळीतल्या एखाद्या आजारी माणसाला भेटायला. मग दोघांनी मिळून प्रार्थना, त्यात जुना शब्द देवापुढे ठेवायचा आणि नवा शब्द स्पष्ट बोलायचा, मुदतीसकट. मुदत महत्त्वाची, जन्मभराचे नवस फार थोड्यांना झेपतात. उपास तब्येतीला झेपत नसेल तर तो वेळ प्रार्थनेला द्यायचा, पित्त वाढवून देवाला काय मिळणार. आणि शेवटी मी सांगायचो की आता हा विषय बंद, उद्यापासून जुन्या नवसाचा हिशेब करायचा नाही.

तुम्ही कॅथलिक असाल तर तुमचं काम आणखी सोपं आहे, 1983 च्या कॅनन लॉनुसार असा खासगी नवस योग्य कारण असेल तर माफ करायचा अधिकार धर्मग्रामाच्या मुख्य फादरांना आहे, त्यांना जाऊन भेटा. मिस्टरांना माहीत नसेल तर आधी त्यांना सांगा. गणना पुस्तकाच्या 30 व्या अध्यायात बायकोचा नवस नवरा ऐकल्या दिवशी रद्द करू शकतो असं आहे, आजच्या काळात ते वाचून माझ्या मुलीच्या कपाळावर आठ्या येतात आणि त्या रास्त आहेत, पण त्यातलं एवढं मी घेतो की घराची तिजोरी एक असेल तर एकाच्या नवसात दुसरा नकळत ओढला जाऊ नये.

दशांशाबद्दल एक, पाळक असून बोलतोय म्हणून जरा जपून. मंडळ्या दानावर चालतात, लाइटबिल, शिपायाचा पगार, माझाही पगार त्यातूनच आला, त्यामुळे ज्याला जमतं त्यानं जरूर द्यावं. पण अनुवाद 14 वाचलं तर दशांशाचा मोठा भाग कुटुंबानं देवासमोर बसून आनंदानं खायचा होता, आणि दर तिसऱ्या वर्षीचा लेवी (मंदिराची सेवा करणारे), परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी गावातच ठेवायचा होता. म्हणजे त्या व्यवस्थेत आजच्या तुमच्या घराला कदाचित मिळालं असतं. तुमच्या मंडळीत गरजूंसाठी फंड असेल तर मागायला लाजू नका.

आता भक्ती खरी की खोटी. तुम्ही लिहिलंय की गाताना लक्ष लागत नाही. रेव्ह. ना. वा. टिळकांचं ख्रिस्ती भजन ओठांवर आणि डोक्यात गॅस बंद केला का, हे पाळकांनाही होतं, वेदीवर उभं राहूनही होतं. लक्ष भरकटणं म्हणजे खोटेपणा नाही. हन्ना मंदिरात प्रार्थना करत होती तर एली याजकाला वाटलं बाई प्यायलीय, आणि तिच्याएवढी खरी प्रार्थना त्या दिवशी तिथे दुसरी नव्हती. शोमरोनी बाईनं विहिरीवर येशूला विचारलं की भक्ती या डोंगरावर करायची की यरुशलेमात. तो डोंगर म्हणजे गरिज्जीम, तिथे शोमरोनी लोक आजही वल्हांडण सणाला कोकरं कापतात, यरुशलेमचं मंदिर मात्र इ. स. 70 मध्ये रोमी सैन्यानं पाडलं आणि तिथली अर्पणं थांबली ती थांबलीच. येशूनं दोन्ही जागा बाजूला ठेवल्या आणि आत्म्यानं व खरेपणानं असं म्हटलं, आणि हे कोणाला म्हटलं, तर जिचं आयुष्य सगळं विस्कटलेलं होतं आणि जिनं नुकतंच त्याच्यापुढे ते नाकारलं नव्हतं. खरेपणा म्हणजे आहे ते आहे तसं देवापुढे ठेवणं. तुम्ही जर उपासनेत उभं राहून मनात म्हणालात की प्रभू, मला तुझी भीती वाटतेय, मला वाटतं तू माझ्या पोराला परत नेशील, तर ते त्या दिवशीचं सगळ्यात खरं स्तोत्र. स्तोत्र 88 वाचा, ते अंधारातच संपतं, शेवटी हालेलुया नाही, तरी ते बायबलमध्ये आहे.

खोटी भक्ती पवित्रशास्त्रात कशी ओळखायची सांगितलीय तर लक्षावरून कधीच नाही, शेजाऱ्यावरून. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाला श्रीमंत आधीच खाऊन-पिऊन घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे, तेव्हा पौल म्हणाला हे प्रभूचं भोजनच नाही. मत्तय 5 मध्ये येशू म्हणतो, वेदीपाशी आठवलं की भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी समेट कर. म्हणून मी प्रभुभोजनाची सूचना आठवडाभर आधी द्यायचो. एकदा एका शेतकऱ्यानं हे मनावर घेतलं, सख्ख्या भावाशी बांधावरून बोलणं बंद होतं, शनिवारी रात्री गेला त्याच्या दारात, भावानं आतूनच अशा शिव्या दिल्या की आख्ख्या वस्तीनं ऐकल्या. रविवारी सकाळी मला येऊन म्हणाला, साहेब, आता मी जेवू का नको? मी म्हटलं तू गेलास ना, ये. बांधाचं प्रकरण माझी बदली झाली तेव्हाही तहसीलमध्येच होतं, पण चारेक वर्षांनी चर्चमध्ये हंगामाच्या सणाला लोकांनी आणलेल्या वस्तूंच्या लिलावात धाकट्यानं आणलेला लाल भोपळा थोरल्यानं बाजारभावाच्या दुप्पट बोली लावून घेतला आणि दोघंही काही बोलले नाहीत असं ऐकलं. तेवढंच.

तर तुमच्या बाबतीत मी शोधायचं झालं तर विचारेन की कोणाचे पैसे बुडवलेत का, कामवाल्या बाईचा पगार थकवलाय का, कोणाशी अबोला आहे का. असेल तर तिथे हात घाला. नसेल तर तुमची भक्ती खोटी आहे असं म्हणायला माझ्याकडे एकही वचन नाही.

तापाचं राहिलं. ताप आला की आधी थर्मामीटर आणि डॉक्टर, हृदयाचं ऑपरेशन झालेल्या मुलाच्या तापाकडे तसंही दुर्लक्ष करायचं नसतं, प्रार्थना रिक्षात बसूनही करता येते. ही भीती रोजची झाली असेल, रात्री उठून मुलाचा श्वास तपासत असाल, तर पाळकांबरोबर एखाद्या चांगल्या समुपदेशकाकडेही जा, हॉस्पिटलमध्ये एवढं भोगलेल्या आयांना असं होतं आणि त्यावर उपचार आहेत, त्यात विश्वास कमी पडला असं काही नाही. आणि त्या भावांशी वाद घालू नका, त्यांना कदाचित तसंच शिकवलं गेलंय, फक्त पुढच्या वेळी ते आशीर्वादाचं काढतील तेव्हा लेवीय 27 चं आठवं वचन काढून त्यांनाच मोठ्यानं वाचायला सांगा. पाळकांना भेटायला जाताना मिस्टरांना बरोबर न्या आणि हप्त्यांचा कागद घेऊन जा. तुमचे पाळक ऐकून न घेणारे असतील तर त्यांच्या मिसेसना किंवा महिला मंडळातल्या एखाद्या जुन्याजाणत्या बाईंना गाठा, बऱ्याच मंडळ्यांमध्ये खरं पाळकपण त्याच करत असतात. काय ठरलं ते जमलं तर इथे लिहा, खाली अजून दोघीजणींनी हेच विचारलेलं दिसतंय, पण रक्कम आणि मंडळीचं नाव लिहू नका.